अनुरेखक

सिंचन भवनात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या रेषा गिरवल्या.
पदनाम अनुरेखक.
बायको शेजारणींना सांगायची, नकाशे काढतात.
काढत नव्हतो. खालच्या कागदावरचं
वरच्या कागदावर आणत होतो, हात न थरथरता.

निळी रेषा: पंचवीस वर्षांतून एकदा पाणी इथवर.
लाल रेषा: शंभरातून एकदा.
दौती दोन, निब एकच,
मध्ये धुवून घ्यायचं.
धुतलेलं पाणी बेसिनमधून कुठं जातं
हे तेव्हा कुणी विचारत नसे. मीही नाही.

राम नदीचं शीट आलं त्या वर्षी
माणूस कमी, म्हणून मला बावधनला धाडलं, पट्टी धरायला.
तिथं कळलं, हद्द नदीच्या मधोमध जाते.
डावा काठ एका कार्यालयात, उजवा दुसऱ्या.
डावीकडं राडारोडा पडला
तर उजवीकडं अर्ज घेत नाहीत.
मधलं पाणी कुणाच्याच आवक-जावक वहीत नव्हतं.
माझ्यादेखत एक खेकडा
ग्रामपंचायतीतून महापालिकेत गेला,
आडवाच, जकात न भरता.

काठावर कौसाबाई दगडे म्हशी बांधत होती.
पूर कुठवर येतो विचारलं, तर म्हणाली,
ही भुरी ह्या दगडाच्या खाली बसत नाही.
हिची आईबी बसायची नाही.
केळुसकर साहेब हसले.
मी दगडाचा नंबर लिहायला वही उघडली.
दगडाला नंबर नव्हता. लाल रंगानं घातला: चौदा.

टिटवीनं त्या साली अंडी दगडाच्याही वर घातली होती,
खडीच्या रस्त्याच्या कडेला.
तेवढा रकाना वहीत नव्हता.

तीन महिन्यांनी हिशेब लागला.
निळी रेषा चौदा नंबरावरून गेली, केसाचा फरक.
वरचे भुकूम-भूगावचे डोंगर, जिथून हे सगळं उतरतं,
ते शीटच्या कडेबाहेर राहिले.
कागदाला कड असते, त्याला कोण काय करणार.

मग हरकती, सूचना, सुनावणी.
शीट परत आलं. त्यावर पेन्सिलीचे ठिपके,
निळ्या रेषेपासून दोन मिलिमीटर नदीकडं.
कागदावर दोन म्हणजे जागेवर आठ मीटर.
आठ मीटरांत एक जिना बसतो, चार गाड्या,
आणि नदीची एक कूस.
साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत हवंय.
मी ठिपक्यांवरून गेलो. हात थरथरला नाही.
सहाच्या आत दिलं.

परवा पहाटे भाच्याचा फोन, निरंजनचा:
मामा, पार्किंगमध्ये पाणी शिरलं.
कसं शिरलं? नकाशात तर आपण रेषेच्या बाहेर आहोत.
मी म्हटलं, हो. आहात.

गेलो तेव्हा ओसरलं होतं.
भिंतीवर, खांबांवर, कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर
गाळाची एकच कड, सलग,
निब कुठंही अडखळलेलं नाही.
पाण्यानं आपलं शीट आपणच काढलेलं,
प्रमाण एकास एक.

चौदा नंबर बागेत सापडला,
कारंज्याजवळ, शोभेला, उलटा ठेवलेला.
भुरी कुठं बसते आता, विचारायला कुणी नव्हतं.

वॉचमन पाइप लावून भिंत धुवायला निघाला.
म्हटलं, दादा, जरा थांब.
खिशातलं पेन काढलं, आणि गाळाच्या वरच्या कडेनं
हळूहळू गिरवत गेलो.
दुसऱ्या खांबापाशी सेक्रेटरी आले.
हे काय चाललंय? कोण आपण?

हात थरथरत होता, वयामुळं असेल.
मी पदनाम सांगितलं
आणि तिसऱ्या खांबाकडं वळलो.